वाचनालयात मोठ्या माणसांसाठी कार्यक्रम: कसे सुरू करायचे, कुठे बिघडतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या उपनगरातलं, सरकारी वर्गवारीत ‘क’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. कर्मचारी दोन, हॉल एक, अनुदान मिळेल तेव्हा. वर्षाला तीन-चार व्याख्यानं होतात आणि समोर तेच वीस-पंचवीस ज्येष्ठ सभासद बसतात. बाकीच्या मोठ्या माणसांसाठी, म्हणजे नोकरदार, घरातल्या बायका, अभ्यासिकेतली मुलंमुली, नीट शिकायचं राहून गेलेले, यांच्यासाठी शैक्षणिक आणि सांस्कृतिक कार्यक्रम कसे उभे करायचे?

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पाचवं व्याख्यान ठेवून हा प्रश्न सुटत नाही. व्याख्यानाला मंडप, फलक, शाल-श्रीफळ, चहा, वक्त्याचा प्रवास असा खर्च होतो. माणूस एकदा येतो, ऐकतो आणि घरी जातो. तेवढ्याच पैशात सहा आठवड्यांचा छोटा वर्ग होतो. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे, शाहू स्मारक भवनात वर्षभर काही ना काही चालू असतं. मोठा वक्ता ऐकायचा तर कोल्हापूरकराला जागा ठाऊक आहे. उपनगरातल्या वाचनालयाकडे वेगळ्या गोष्टी आहेत: रोज उघडणारं दार, नावानं हाक मारणारा ग्रंथपाल आणि हाताशी पुस्तकं. म्हणून ठरलेला वार, ठरलेली वेळ, बारा ते पंधरा माणसं आणि पुन्हा पुन्हा भेट, अशा कार्यक्रमांवर जोर द्या.

विषय कार्यकारी मंडळाच्या बैठकीत ठरवू नका. दोन आठवडे देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवा. पुस्तकाशिवाय लोक जे जे विचारतात ते लिहा. ‘हा फॉर्म कुठं मिळतो’, ‘सातबारा मोबाइलवर निघतो का’, ‘पेन्शनचा हयातीचा दाखला घरबसल्या होतो म्हणे’. मग बाहेर पडा: बचत गटाची बैठक, रिक्षा थांबा, जवळची तालीम, दूध संस्था. तिथं ‘कोणता कार्यक्रम आवडेल?’ असं विचारलंत तर ‘कायबी ठेवा, येतो की’ एवढंच मिळेल आणि कोणी येणार नाही. ‘गेल्या महिन्यात कुठल्या कामासाठी दुसऱ्याच्या पाया पडावं लागलं?’ असं विचारा. एकच अडचण पाच जणांनी सांगितली, की तुमचा पहिला वर्ग ठरला.

वेळेचं गणित इथलं इथंच बसवावं लागतं. घरातल्या बायकांना दुपारी दोन ते चार मोकळीक असते. संध्याकाळी सहाचा कार्यक्रम म्हणजे त्यांना बोलावलंच नाही असं समजा. गावाकडच्या वाचनालयात सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायची वेळ टाळावी लागते. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कामगारांसाठी पाळ्या आणि साप्ताहिक सुट्टीचा वार त्यांच्याकडूनच विचारून घ्या. रविवार गृहीत धरू नका. पेठेत फुटबॉलचा मोठा सामना असेल त्या दुपारी तरुणांचा कार्यक्रम ठेवण्यात अर्थ नाही. चैत्रात जोतिबाची यात्रा, पुढं गणपती, अंबाबाईचं नवरात्र, ऊसपट्ट्यात गळिताचा हंगाम, हे सगळं आधी कॅलेंडरवर मांडा आणि उरलेल्या जागेत सलग सहा आठवडे शोधा. जून संपताना आणि, ऊसपट्टा सोडला तर, जानेवारीत असे पट्टे सहसा मिळतात. पण जूनअखेरीस सुरू केलेला वर्ग जुलै-ऑगस्टमध्ये जातो आणि पंचगंगेचं पाणी वाढलं की सगळं वेळापत्रक कोलमडतं.

मोबाइलचा वर्ग

सुरुवात इथून करा, कारण गरज सगळ्यात जास्त आहे आणि खर्च सगळ्यात कमी. शिकणारे आठ ते दहा, मदतनीस किमान दोन, म्हणजे चार-पाच जणांमागे एक. मदतनीस अभ्यासिकेतूनच मिळतात. सहा सत्रं, प्रत्येकी दीड तास, एका सत्रात एकच काम. पहिल्या दिवशी अक्षरांचा आकार वाढवणं, भाषा मराठी करणं, नको ते व्हिडिओ पुसून जागा मोकळी करणं. दुसऱ्या दिवशी मराठीत लिहिणं आणि बोलून लिहिणं. तिसऱ्या दिवशी शोध: बस, रुग्णालय, पिकाचा दर, आणि मिळालेली माहिती कोणाची आहे ते पाहणं. चौथ्या दिवशी डिजिलॉकर (कागदपत्रं मोबाइलवर ठेवायची सरकारी सोय) आणि सातबारा. पाचव्या दिवशी यूपीआय. सहाव्या दिवशी फसवणूक आणि आधीची उजळणी.

वर्ग फिसकटतो तो बहुतेक वेळा पहिल्या वीस मिनिटांत. कुणाचं सिम मुलाच्या नावावर असतं, बँकेला जोडलेला नंबर जुना असतो, ओटीपी तिसऱ्याच फोनवर जातो. कुणाला स्वतःच्या ईमेलचा पासवर्ड माहीत नसतो, कारण फोन दुकानदारानं चालू करून दिलेला असतो. म्हणून नावनोंदणीच्या वेळीच चार गोष्टी विचारा: नंबर कुणाच्या नावावर, बँकेला कोणता नंबर जोडलेला, ईमेल माहीत आहे का, फोनमध्ये जागा किती उरली. ज्यांचं अडलं आहे त्यांना वर्गाच्या आधी अर्धा तास बोलवा.

मदतनिसांसाठी दोन नियम कडक ठेवा. एक, शिकणाऱ्याचा फोन हातात घ्यायचा नाही. बोटानं दाखवायचं, दाबायचं त्यांनीच. तरुण पोरं भराभर करून देतात, काकू ‘झालं वाटतं’ म्हणतात आणि घरी गेल्यावर काहीच येत नाही. दोन, पिन किंवा ओटीपी मोठ्यानं बोलायचा नाही, मदतनिसानं त्या वेळी मान फिरवायची. यूपीआयचा सराव दोन शिकणाऱ्यांमध्ये एक-एक रुपया पाठवून करा. रुपया फिरून परत येतो, हिशेब शून्य राहतो आणि भीती जाते. फळ्यावर सहाही दिवस एक वाक्य तसंच राहू द्या: ‘पैसे घेताना पिन लागत नाही.’ ही एक गोष्ट पक्की झाली की फसवणुकीचा मोठा दरवाजा बंद होतो. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करायचा, हेही त्याच फळ्यावर लिहा.

लिहिणं-वाचणं

केंद्र सरकारचा ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे आणि पंधरा वर्षांवरच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या सगळ्यांना खुला आहे. शिकवणारे स्वयंसेवक असतात. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडून नोंदणी समजून घ्या आणि वाचनालयानं जागा, दिवे, पुस्तकं द्यावीत. पण बाहेरच्या फलकावर ‘साक्षरता वर्ग’ लिहू नका. पन्नाशीच्या बाईला त्या पाटीखालून आत जाणं फार जड जातं. ‘दुपारचा वर्ग’ एवढंच लिहा.

सुरुवात शिकणाऱ्याच्या नावापासून करा. पूर्ण नाव मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या आणि त्यातलीच अक्षरं आधी घ्या. त्यानंतर ग, म, भ, न ही जुनी वाट उत्तम, कारण वळणं जवळची आहेत आणि हाताला आत्मविश्वास येतो. बालवाडीची चित्रपुस्तकं आणू नका, मोठ्या माणसाला ती अपमानासारखी लागतात. वाचायला खरे कागद घ्या: पासबुकाचं पान, औषधाची चिठ्ठी, लाइट बिल, एसटीची पाटी, भाच्याची लग्नपत्रिका. छापील अक्षर अठरा पॉइंटपेक्षा बारीक नको. पुष्कळांची अडचण वाचनाची नसून चष्म्याची असते, म्हणून पहिल्या आठवड्यातच डोळे तपासून घ्यायची सोय करा. बारा आठवड्यांत दहापैकी सहा जण टिकले तरी वर्ग चांगला चालला समजावं. गळती बहुधा घरातल्या लग्नाकार्यानं किंवा आजारपणानं होते. अशा बाईला ‘तुमचं बुडालं’ म्हणू नका. पुढच्या गटात तिची जागा धरून ठेवा आणि तसा निरोप पाठवा.

वाचनकट्टा

महिन्यातून एकदा, पहिला किंवा तिसरा शनिवार, पण कायम तोच. माणसं बारा ते सोळा. वीसच्या वर गेलात की चौघंच बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. खुर्च्या गोलात मांडा. सोळा खुर्च्यांना दर खुर्चीमागे अडीच फूट धरलं तर चाळीस फुटांचा घेर, म्हणजे साधारण तेरा फूट व्यासाचं वर्तुळ. मागून जायला दोन-दोन फूट सोडले की सतरा-अठरा फुटांची खोली पुरते. टेबल आणि माइक नको. पंख्याचा आवाज मोठा असेल तर तो आधी दुरुस्त करा, ज्येष्ठांना ऐकू न येण्याचं ते मोठं कारण असतं.

सगळ्यांनी एकच पुस्तक घरी वाचून यायचं, हा प्रकार इथं लवकर बंद पडतो. प्रती नसतात. एक प्रत बारा जणांत फिरेपर्यंत दोन महिने जातात आणि न वाचलेला माणूस लाजून यायचाच थांबतो. दोन मार्ग आहेत. शेजारच्या तीन-चार वाचनालयांनी मिळून एकेका पुस्तकाच्या सहा-सहा प्रती घ्यायच्या आणि पेटी महिन्या-महिन्यानं फिरवायची. ग्रंथखरेदीच्या वेळीच बोलणं झालं तर हे अवघड नाही. दुसरा मार्ग अधिक सोपा: कट्ट्यावरच कथा मोठ्यानं वाचायची. निवांत वाचलं तर मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द होतात, म्हणजे दोन हजार शब्दांची कथा अठरा-वीस मिनिटांत संपते. तीन जणांनी आळीपाळीनं वाचावी. मग चाळीस मिनिटं बोलणं. चालवणाऱ्यानं ‘कथा कशी वाटली?’ असं विचारू नये, ‘छान’ म्हणून विषय मिटतो. ‘या बाईनं त्या दिवशी गप्प बसायला नको होतं का?’ असा नेमका प्रश्न टाकावा. कविता, ललित लेख, जुन्या मासिकातला लेख, सगळं चालतं. करवीरची बोली बोलणाऱ्याला तिच्यातच बोलू द्या. प्रमाण भाषेची दुरुस्ती करणारा एक सभासद अख्खा कट्टा मोडू शकतो, त्याला बाजूला घेऊन आधीच सांगा.

अभ्यासिकेतल्या मुलामुलींना प्रेरणादायी भाषणं पुरेशी मिळालेली असतात. त्यांना सराव हवा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळं हातानं सलग लिहिणं आणि कुणीतरी ते तपासणं याची गरज एकदम वाढली. आठवड्यातून एक दिवस चाळीस मिनिटांत निबंध, वीस मिनिटं आपसात तपासणी. निवृत्त शिक्षक-प्राध्यापकांना व्याख्यानाऐवजी महिन्यातून दोन तास वह्या तपासायला बोलवा, बरेच जण आनंदानं येतात. हॉल अभ्यासिकेला लागून असेल तर कार्यक्रमाची वेळ आठवडाभर आधी अभ्यासिकेच्या दारावर लावा. तक्रार आवाजाची असते त्यापेक्षा न सांगता झालेल्या आवाजाची जास्त असते.

कायदा आणि कागदपत्रांच्या सत्राला गर्दी चांगली होते. मृत्युपत्र, वारस नोंद, माहितीचा अधिकार, ग्राहक तक्रार असा एका वेळी एकच विषय घ्या. वकिलांना आधी सांगा: बोलणं वीस मिनिटं, उरलेला वेळ नमुन्याचा कागद भरायला. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये शुल्क आणि उत्तराला साधारण तीस दिवसांची मुदत. एवढं नेमकं हातात घेऊन माणूस घरी गेला पाहिजे. कुणाच्या घरची भावकीची भांडणं सगळ्यांसमोर उलगडू देऊ नका. तशा प्रश्नांसाठी शेवटी स्वतंत्र टेबल ठेवा. आणि फुकट कार्यक्रम देतो म्हणून येणारे विमा एजंट, गुंतवणूक सल्लागार, औषध विकणारे यांना नम्रपणे नकार द्या. वाचनालयाच्या नावावर लोकांचा विश्वास असतो, तो दुसऱ्याच्या विक्रीसाठी वापरू द्यायचा नाही.

सांस्कृतिक कार्यक्रम

सांस्कृतिक म्हणजे ऑर्केस्ट्रा असं नाही. कोल्हापुरात गायक अल्लादिया खाँसाहेब राहून गेले, बाबूराव पेंटरांनी इथं चित्रपट उभा केला, शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं, जे पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं. या प्रत्येकावर दोन तासांचा श्रवण-दर्शनाचा कार्यक्रम होऊ शकतो. श्रवणसत्राला चार-पाचच ध्वनिमुद्रणं निवडा, प्रत्येकाआधी तीन मिनिटं माहिती, नंतर थोडी शांतता. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकवू नका, दोन बऱ्या स्पीकरांची जोडी कुणाकडून तरी उसनी आणा. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो, त्यामुळं जुन्या तबकड्या निवडल्या तर बरीच अडचण टळते. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं हक्क असतो. पुस्तकातला मर्यादित उतारा लोकांसमोर वाचायला कायद्यात मुभा आहे, पण अख्खं पुस्तक झेरॉक्स करून वाटू नका. चित्रपट दाखवायचा तर हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. घरी पाहायला वर्गणी भरून घेतलेली ऑनलाइन चित्रपट-सेवा म्हणजे हॉलमध्ये दाखवायची परवानगी नव्हे.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा कार्यक्रम म्हणजे पेठेच्या किंवा गावच्या जुन्या फोटोंचा दिवस. लोकांनी घरचे फोटो आणायचे, तिथंच स्कॅन करायचे आणि त्याच दिवशी परत न्यायचे. प्रत्येक घराला क्रमांक घातलेलं पाकीट. स्कॅन ६०० डीपीआयवर. एका स्कॅनरवर तासाला वीस-पंचवीस फोटोंच्या वर जात नाहीत, म्हणून वेळ वाटून द्या, नाहीतर दारात रांग आणि आत घाई. अल्बमला चिकटलेला फोटो उपटायचा नाही, पानासकट वरून कॅमेऱ्यानं घ्यायचा. फोटोतली माणसं कोण, जागा कोणती, साल अंदाजे कोणतं, हे त्याच वेळी लिहून घ्या. नंतर सांगतो म्हणालेलं नंतर मिळत नाही. फोटो कुठं वापरायचा याची लेखी संमती घ्या: फक्त वाचनालयात, प्रदर्शनात, की इंटरनेटवरही. तालमीतले फोटो, बोर्डिंगातले विद्यार्थी, गुऱ्हाळं, महापुरात बुडालेल्या गल्ल्या, असा संग्रह दुसऱ्या कुठल्याच ग्रंथालयात विकत मिळणार नाही.

महापूर इथल्या कार्यक्रमांचाच विषय व्हायला हवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात एक संध्याकाळ द्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे आकडे बातम्यांत सगळे ऐकतात, पण आपल्या गल्लीत पाणी कितीला येतं हे २०१९ आणि २०२१ पाहिलेली शेजारची माणसंच सांगू शकतात. भिंतीवर नकाशा लावा आणि लोकांनाच खुणा करू द्या. सोबत कागदपत्रं डिजिलॉकरवर चढवण्याचं टेबल. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नये, उभं करून पंख्याच्या वाऱ्याला पानं सुटी ठेवावीत, मधे टिपकागद बदलत राहावा, हे करून दाखवा. तुमच्या वाचनालयाचीही खालच्या फळीवरची पुस्तकं त्याच आठवड्यात वर जाऊ द्या.

आता कार्यक्रमाचा आणि पुस्तकाचा सांधा. हा सुटला तर वाचनालय भाड्याच्या हॉलसारखं होतं. प्रत्येक कार्यक्रमाला दाराजवळ एक टेबल, त्यावर विषयाला धरून दहा-बारा पुस्तकं, चार पातळ, दोन मोठ्या अक्षरांची. कार्यक्रमानंतर वीस मिनिटं देवघेव चालू. इथं अडतं ते अनामतीवर: माणसाला पुस्तक न्यायचं असतं, पण सभासद व्हायला पैसे आणि फोटो लागतो. कार्यकारी मंडळाकडून ठराव करून घ्या, की कार्यक्रमाला आलेल्या माणसाला नाव-पत्ता आणि फोनवर एक पुस्तक पंधरा दिवसांसाठी मिळेल. काही पुस्तकं परत येणार नाहीत. तो तोटा एका फ्लेक्सच्या फलकापेक्षा जास्त होत नाही.

उद्घाटन, दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, परिचय, आभार यांत चाळीस मिनिटं जातात आणि कामावरून आलेला माणूस पुन्हा येत नाही. वर्गाचं उद्घाटन करू नका. पाहुण्यांना समारोपाला बोलवा, शिकलेली माणसं काय करतात ते त्यांना पाहू द्या.

प्रसिद्धीच्या कागदावर पाच गोष्टी हव्यात: कुणासाठी, काय शिकायला मिळेल, सोबत काय आणायचं, किती वेळ, पैसे लागतात की नाही. व्हॉट्सअॅपवर टाका, पण पिठाची गिरणी, रेशन दुकान, दवाखाना, तालमीचा फळा इथंही हातानं लिहिलेला कागद लावा. मोफत कार्यक्रमाला नाव देणाऱ्यांपैकी तिसरा हिस्सा येत नाही असं धरून बारा जागांना सोळा-अठरा नावं घ्या आणि आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करा. फोनचं काम शिपायावर ढकलू नका. ग्रंथपालाचा आवाज ऐकून माणूस येतो.

हजेरीच्या वहीत नाव आणि सहीच्या जोडीला तीन रकाने वाढवा: वयोगट, पहिल्यांदा आले की पुन्हा, पुस्तक नेलं का. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालच्या तपासणीला सह्या आणि फोटो उपयोगी पडतील, तुमच्या कामाला हे तीन रकाने. सहा सत्रांनंतर पाहा. पहिल्यांदा येणारे पुष्कळ आणि पुन्हा येणारे थोडे असतील तर विषय बरोबर आहे, वेळ किंवा शिकवणं चुकतंय. उलट असेल तर गट छान जमला आहे, पण दार बाहेरच्यांना बंद वाटतंय. अशा वेळी जुन्यांना मदतनीस करा आणि नवा गट वेगळ्या वेळी उघडा. दोन फेऱ्यांत चार-पाचच माणसं आली तर तो कार्यक्रम थांबवा, त्या चौघांना दुसऱ्या गटात स्वतः नेऊन बसवा आणि टेबलावरची प्रश्नांची वही पुन्हा उघडा.